पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे जुने कौलारू घर आहे. काही वर्षांपूर्वी नवे वायरिंग केले, तेव्हा मेन स्विचच्या पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पडून पुरवठा तोडणारा खटका, बसवून घेतला. उन्हाळ्यात तो कधी पडत नाही, परंतु मृगाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून अनेकदा पडतो, फ्रिज बंद राहतो, पंप थांबतो आणि घरातील वृद्ध माणसे अंधारात राहतात. शिवाय अनवाणी उभे राहून वॉशिंग मशीनला हात लावला तर झिणझिण्या येतात. गावातील वायरमनचे म्हणणे असे की सर्व सर्किटना एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारे खटके) आहेतच, त्यामुळे आरसीसीबीची गरज नाही, तो काढून वायर डायरेक्ट जोडून टाकू. तसे करावे का?

करू नये. आरसीसीबी पडतो याचा अर्थ घरातील वीज कुठेतरी वाट सोडून जमिनीकडे जात आहे. आरसीसीबी काढल्याने ती गळती थांबणार नाही, तिची खबर मिळणे तेवढे थांबेल. तुमची गैरसोय खरी आहे आणि ती दूर व्हायलाच हवी, परंतु तिचा उपाय दोष शोधणे हा आहे. घरगुती वायरिंगच्या कामात मी अनेक वर्षे आहे आणि "डायरेक्ट करून टाकू" हा सल्ला दर पावसाळ्यात कोणाला तरी दिला गेल्याचे ऐकतो. तो देणारे बहुतेक जण वाईट हेतूने देत नाहीत. एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन वेगळी कामे करणारी साधने आहेत, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

एमसीबीचे काम वायरचे रक्षण करणे हे आहे. सर्किटवर क्षमतेपेक्षा जास्त भार आला किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर वायर तापून इन्सुलेशन जळू नये, म्हणून तो प्रवाह तोडतो. आता माणसाच्या बाबतीत काय होते ते पाहा. आपल्याकडे घरात 230 व्होल्टचा पुरवठा असतो. हातापासून पायापर्यंत शरीराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, परिस्थितीनुसार बदलतो, पण तो सुमारे 1500 ओहम धरला तर शरीरातून साधारण 150 मिलिअँपिअर प्रवाह जाईल, आणि अंग ओले असेल तर त्याहून अधिक. साधारण 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि 30 मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही काळ टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. याउलट 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याच्या शंभराव्या भागाइतका असतो, आणि एमसीबीच्या दृष्टीने तो एका छोट्या दिव्याचा भार ठरतो. माणूस वायरला चिकटून राहिला तरी एमसीबी पडणार नाही, आणि यात एमसीबीचा काहीही दोष नाही.

आरसीसीबीचे काम त्याच्या आतील एका चुंबकीय कड्यावर चालते. घरात जाणारी फेज आणि परत येणारी न्यूट्रल अशा दोन्ही वायर त्या कड्यातून जातात. फेजमधून गेलेला सर्व प्रवाह न्यूट्रलमधून परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांना रद्द करतो आणि काहीच घडत नाही. त्यातील थोडा प्रवाह ओल्या भिंतीतून, अर्थिंगमधून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला, तर दोन्हींत फरक पडतो आणि तेवढ्या फरकावर खटका पडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीला पडू नये, 30 मिलिअँपिअरला 0.3 सेकंदाच्या आत पडावा, आणि त्याच्या पाचपट, म्हणजे 150 मिलिअँपिअरला 0.04 सेकंदाच्या आत पडावा, अशी त्याची रचना असते. आरसीसीबी असूनही शॉक जाणवतो, कधी चांगला जोरात जाणवतो. परंतु हृदयावर परिणाम होण्याइतका वेळ तो टिकत नाही.

तुमच्या भागात या साधनाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, आणि त्याचे कारण तुमच्या पायाखालच्या जमिनीत आहे. पावसाळा संपून जांभ्याच्या सड्यावरची जमीन वाळली की अर्थिंगचा रोध बराच वाढतो. देशावर मुरमाखाली काळा कातळ लागतो, तेथेही हीच अडचण असते. समजा, तुमच्या घराच्या अर्थिंगचा रोध 20 ओहम आहे. गीझरची फेज त्याच्या धातूच्या टाकीला लागली, तर अर्थिंगमधून जास्तीत जास्त 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर प्रवाह जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी एवढा प्रवाह कितीही वेळ वाहू देईल. दरम्यान टाकी, नळ आणि अर्थिंगच्या वायरने जोडलेली घरातील इतर यंत्रांची धातूची अंगे यांवर धोकादायक व्होल्टेज टिकून राहील. अर्थिंग असूनही शॉक बसल्याच्या ज्या घटना तुम्ही ऐकता, त्यांतील अनेकांमागे हे साधे गणित असते. त्याच घरात आरसीसीबी असेल तर 11.5 अँपिअरची गळती त्याला इतकी मोठी वाटते की तो निमिषात पडतो, आणि अर्थिंग 100 ओहमचे असले तरीही पडतो.

म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष चालेल, असे मात्र नाही. अर्थिंग शाबूत असेल तर दोष निर्माण होताच, कोणी हात लावण्याच्या आधीच, आरसीसीबी पडतो. अर्थिंग तुटलेले असेल तर यंत्राचे अंग मुकाट्याने फेजवर राहते आणि पहिला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातून वाट मिळाल्यावरच आरसीसीबी पडतो. घरात दोन्ही असावेत, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

वॉशिंग मशीनच्या झिणझिण्यांचे उत्तर इथेच मिळते. आजच्या वॉशिंग मशीन, संगणक अशा यंत्रांच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या अंगाला जोडलेले असतात. थ्री पिन टॉपच्या जाड पिनेतून अर्थिंग मिळत असेल तर त्यांतून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग मिळत नसेल तर यंत्राच्या अंगावर सुमारे 115 व्होल्ट उभे राहतात, टेस्टर पेटतो आणि अनवाणी माणसाला झिणझिण्या येतात. हा प्रवाह 15 मिलिअँपिअरपेक्षा पुष्कळ कमी असल्याने आरसीसीबी पडत नाही. ओल्या न्हाणीघरात मोटरचे इन्सुलेशन खराब झाले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. कारण कोणतेही असो, अर्थ एकच निघतो की त्या सॉकेटपर्यंत अर्थिंग पोहोचलेले नाही. चपला घालून मशीन वापरणे हा उपाय नाही, कारण चपलेमुळे दोष लपतो आणि तो अनवाणी खेळणाऱ्या मुलाला सापडतो. तो सॉकेट दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नका. आणखी एक ताकीद देतो. काही जण अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन एका तुकड्याने जोडून देतात. आरसीसीबी असलेल्या घरात असे केले की तो पडू लागतो, आणि नसलेल्या घरात एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटली की यंत्राचे संपूर्ण अंग 230 व्होल्टवर येते. असा तुकडा कोणाच्याही घरात दिसला तर तो त्याच दिवशी काढून घ्यावा.

आता मूळ दोषाकडे येऊ. डीबीचे, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी बसवलेल्या पेटीचे, झाकण न उघडता तुम्ही स्वतः एवढे करू शकता. पायात कोरड्या चपला असाव्यात, हात कोरडे असावेत आणि डीबीवर पाणी ठिबकत नसावे, याची आधी खात्री करा. सर्व एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा, आणि प्रत्येकानंतर दोन मिनिटे थांबा. ज्या एमसीबीबरोबर आरसीसीबी पडेल, त्या सर्किटवर दोष असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. मग त्या सर्किटवरील सर्व यंत्रांचे प्लग काढून पुन्हा पाहा. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकला तर दोष यंत्रात आहे, तरीही पडला तर वायरिंगमध्ये आहे. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते.

याच कारणाने एक फसवा प्रकार घडतो आणि त्यात अनुभवी वायरमनही चकतात. घरातील एमसीबी बहुधा एकेरी असतात, म्हणजे तेही केवळ फेज तोडतात. एखाद्या ओल्या पेटीत न्यूट्रल जमिनीला लागलेली असेल तर तिचा एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो, आणि तो बहुधा दुसरीकडे मोठा भार चालू झाला की पडतो. पंप चालू करताच आरसीसीबी पडला म्हणून चांगला पंप खोलून पाहिला जातो, आणि खरा दोष मात्र पडवीतल्या दिव्याच्या न्यूट्रलमध्ये असतो. सर्व एमसीबी खाली असतानाही तुमचा आरसीसीबी पडत असेल, तर इथून पुढचे काम वायरमनचे आहे. त्याने पुरवठा पूर्ण बंद करून, प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीतून सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) अर्थिंगच्या तुलनेत इन्सुलेशन तपासावे. एक मेगओहमपेक्षा कमी वाचन देणारे सर्किट तसेच चालू ठेवू नये. मेगर लावण्याआधी दिवे, टीव्ही, राउटर अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून ठेवावीत, नाहीतर ती बिघडतील आणि वाचनही खोटे येईल.

ही तपासणी भर पावसात, आरसीसीबी पडत असतानाच करून घ्या. मे महिन्यात कोरड्या घरात मेगर लावला तर सर्व सर्किट उत्तम दिसतील, वायरमन "काही दोष नाही" म्हणून जाईल आणि जूनमध्ये तुम्ही पुन्हा तिथेच याल. त्याला बोलावण्याआधी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवा: आरसीसीबी किती वाजता पडला, त्या वेळी पावसाची झड कोणत्या बाजूने होती, पंप किंवा गीझर चालू होता का, आणि किती वेळाने तो पुन्हा वर टिकला. अशा नोंदीवरून अर्धे काम होते. पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभरात आरसीसीबी टिकू लागला तर दोष बाहेरच्या उघड्या दिव्यात किंवा घंटेच्या बटणात असण्याची शक्यता आहे. दोन दिवस उघडीप मिळाल्यावरच टिकू लागला तर ओल भिंतीत किंवा जमिनीतल्या पाइपात मुरलेली आहे.

कोकणातल्या घरांत मी पहिल्यांदा नैर्ऋत्येची झड खाणाऱ्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींवरचे बोर्ड पाहतो. त्यानंतर पडवीतला आणि फाटकावरचा दिवा, विहिरीच्या पंपाची केबल आणि तिचा टेप गुंडाळलेला जॉइंट, आणि कौलांखालून वाशांवर नेलेल्या वायर यांची पाळी येते. फुटक्या कौलातून ठिबकणारे पाणी नेमके जॉइंटच्या पेटीत उतरते, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर कोरड्या दिवसांत काहीच लक्षण दाखवत नाही. गीझरच्या कॉइलच्या नळीला बारीक छिद्र पडणे हेही नेहमीचे कारण आहे, परंतु त्याचा पावसाशी संबंध नसतो. उपाय महागडे नाहीत. बाहेरच्या दिव्यांना आयपी 65 दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न जाऊ देणारी, बंद फिटिंग्ज बसवावीत, वायर त्यांत खालून शिरवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी आत जात नाही. झडीच्या भिंतीवरचे बोर्ड आतल्या कोरड्या भिंतीवर हलवावेत. टेप लावलेले बाहेरचे जॉइंट काढून तिथे अखंड केबल टाकावी.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्याची जोडणी स्वतंत्रपणे तपासा. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांची न्यूट्रल आणि घराची इतर न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे-मागे कुठेतरी एकत्र जोडली गेली, तर कोणतीही गळती नसताना आरसीसीबी पडत राहतो. मागाहून बसवलेल्या इन्व्हर्टरच्या बाबतीत ही चूक मी फार पाहिली आहे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मुख्य आरसीसीबी पडला किंवा कोणी मेन स्विच बंद केला, तर इन्व्हर्टर वीज गेली असे समजून बॅटरीवरून आपली सर्किट चालूच ठेवतो. त्यामुळे इन्व्हर्टरच्या पुढे त्याचा वेगळा आरसीसीबी हवा, आणि दिवा किंवा पंखा दुरुस्त करण्यापूर्वी मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करायला हवा.

कधीकधी एकही मोठा दोष सापडत नाही. कपॅसिटर असलेली अनेक यंत्रे, थोडी ओल आणि लांब वायरिंग यांची किरकोळ गळती एकत्र येऊन 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान पोहोचते. अशा वेळी 30 ऐवजी 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नका. ती मापे मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसाच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरच हवेत. योग्य मार्ग म्हणजे घराची दोन-तीन भागांत विभागणी करून प्रत्येकाला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी देणे. बाहेरचे दिवे आणि पंप एकीकडे, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दुसरीकडे, खोल्यांतले दिवे तिसरीकडे. मग फाटकावरच्या दिव्यात पाणी शिरले तरी घरातला फ्रिज आणि दिवे बंद पडणार नाहीत. इन्व्हर्टर एसी किंवा आधुनिक वॉशिंग मशीन असलेल्या भागासाठी 'ए' प्रकारचा आरसीसीबी मागून घ्यावा. आरसीसीबीचा साधा 'एसी' प्रकार अशा यंत्रांची गळती नेहमी ओळखतोच असे नाही.

आरसीसीबीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर असला, तर प्रवाह जमिनीकडे जात नाही आणि आरसीसीबी पडत नाही. सैल जॉइंट तापून आग लागण्याचा धोकाही त्याला कळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या मागे, खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरमध्ये जे घडते, त्यावर त्याचे काहीच नियंत्रण नसते. पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेवर शॉक बसून माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. लोखंडी तार पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेली असते, सर्व्हिस वायरचे इन्सुलेशन घासून त्या पत्र्याला लागलेले असते, आणि ओले कपडे हातात घेऊन अंगणात अनवाणी उभी असलेली बाई त्या तारेला हात लावते. एकाला सोडवायला धावलेला दुसराही त्यात जातो. ती तार आज काढून नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायर पत्र्याला, झाडाच्या फांदीला किंवा लोखंडी कठड्याला घासत असेल तर स्वतः हात न लावता महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. विदर्भात हाच धोका उन्हाळ्यात लोखंडी कूलरच्या रूपाने येतो, आणि तिथेही अर्थिंग, आरसीसीबी व प्लग काढूनच पाणी भरण्याची सवय याच तीन गोष्टी जीव वाचवतात.

शॉक बसून कोणी चिकटलेले दिसले तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा. मेन दूर असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. हे केवळ घरातल्या 230 व्होल्टच्या विजेसाठी लागू आहे. तुटून पडलेल्या उच्चदाबाच्या तारेजवळ काठी घेऊनही जाऊ नये. माणूस सुटल्यावर तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर 108 ला फोन करायला कोणाला तरी सांगा आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला 100 ते 120 या गतीने, छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मदत येईपर्यंत न थांबता दाब द्या. अंगावर माती लावणे किंवा माणसाला मातीत पुरून ठेवणे हा प्रकार अजूनही काही गावांत होतो, त्यात जीव वाचवण्याची वेळ निघून जाते. माणूस उठून बसला आणि बरा वाटला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून घ्या.

दोष सापडेपर्यंत दोषी सर्किटचा एमसीबी खाली ठेवा आणि बाकीचे घर आरसीसीबीवरच चालवा. दोष न्यूट्रलमध्ये असेल तर वायरमनकडून त्या सर्किटची न्यूट्रलही डीबीतून सोडवून ठेवा. कामासाठी राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार बोलवा आणि परवाना पाहायला संकोच करू नका. काम संपल्यावर त्याच्याकडून तीन वाचने लेखी घ्या: प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन किती मेगओहम, अर्थिंगचा रोध किती ओहम, आणि 30 मिलिअँपिअरला आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. अर्थिंगचे वाचन त्याने पुढच्या एप्रिल-मे महिन्यात, जमीन पूर्ण वाळलेली असताना, पुन्हा एकदा घ्यावे. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण तुम्ही स्वतः महिन्यातून एकदा, वीज चालू असताना दाबा. खटका पडला नाही तर तो आरसीसीबी लगेच बदला. परंतु खटका पडला म्हणजे अर्थिंगही ठीक आहे असे समजू नका, कारण त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नसतो.